सोयाबीनचा सोबती

सोयाबीनचं खत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर युरियाची गोणी येते. पण गंमत अशी, की या पिकाचं सगळ्यात मोठं खत गोणीत नसतंच! एक टन सोयाबीन पिकायला साधारण ८० किलो नत्र लागतं. त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त हवेतून येऊ शकतं, मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंमार्फत.

हे कळायला मात्र फार वेळ लागला. १८५७-५८ साली इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी अतिशय काटेकोर प्रयोग केले. अगदी माती भाजून घेतली. निष्कर्ष निघाला, झाडं हवेतलं नत्र घेत नाहीत. माती भाजताना जिवाणूच मेले होते, हे कोणाच्या लक्षात येणार? आमच्या धंद्यात म्हणतात तसं, टेस्टिंगचं मशीन इतकं स्वच्छ की प्रॉडक्शनमधली गोष्ट तिथे दिसेचना. शेवटी १८८६ साली जर्मनीत हेलरीगल यांनी गाठींचं आणि जिवाणूंचं नातं जाहीर केलं.

सोयाबीनची अडचण पुढचीच. त्याला त्याच्या जातीचाच जिवाणू लागतो, आणि तो चीन-जपानच्या मातीत. बी अमेरिकेला गेलं, सोबती मागे राहिला. कॅन्सासमध्ये १८९०च्या दशकात पीक उगवायचं, पण मुळांवर गाठी नाहीत. मग मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतातून, जिथे जपानी सोयाबीनला गाठी आल्या होत्या, तिथून चक्क माती मागवली. ती मिसळली आणि गाठी आल्या!

१९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरला अमेरिकन वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा इथेही जिवाणू बियाण्यासोबतच द्यावे लागले. आज तेच काम जिवाणू खताचं पाकीट करतं. दहा ते पंधरा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू, आणि बी सावलीत सुकवायचं. उन्हात ठेवलं की पैसे वाया.

बरं, हे सगळं आज कशाला? २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी मिळाला. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही, खर्च थोडाफार आहे. नत्र आयतं भरपूर मिळालं तर झाड गाठीच कमी धरतं, म्हणजे जास्तीचा युरिया दुहेरी नुकसान करतो. म्हणूनच शिफारशीत नत्र कमी आणि स्फुरद जास्त असतं. गाठींना ऊर्जा लागते ना!

पाकीट कामाला आलं का, हे बघायला प्रयोगशाळा नको. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड अलगद उपटायचं आणि गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसलं तर नत्र तयार होतंय. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा; १९३९ साली कुबो या जपानी शास्त्रज्ञानं सोयाबीनच्याच गाठींत तो ओळखला. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पुढच्या पेरणीला पाकीट विसरू नका.