सापसुरळीची कुळकथा

सकाळचा गारवा सरून गडग्याचे दगड तापू लागले की फटीतून एक तपकिरी, चकचकीत डोकं बाहेर येतं. घटकाभर अंग शेकतं आणि पाऊल वाजताच पाचोळ्यात सळसळ करून नाहीसं होतं. त्या सळसळीनं दचकलेला माणूस आधी ‘साप!’ म्हणतो. मग चार आखूड पाय दिसले की म्हणतो, ‘सापसुरळी’. काही ठिकाणी तिला सापाची मावशीही म्हणतात. ती विषारी आहे अशी समजूत गावोगाव आहे. खरं तर तिच्या अंगात विषाचा थेंबही नाही. किडे, नाकतोडे, कोळी खाऊन जगणारा हा जीव, पण नावात साप आला म्हणून दिसताक्षणी काठी उचलली जाते.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही या प्राण्याचं नाव भीतीतूनच पडलं, आणि तेच नाव पुढे शंभराहून अधिक वर्षं आपल्या सापसुरळीलाही चिकटून राहिलं.

कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या बोलीत ‘मबूया’ म्हणजे दुष्टात्मा, माणसाला छळणारं भूत. सतराव्या शतकात या बेटांवर गेलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या लिखाणात हा शब्द आढळतो. अंधारात, फटीत वावरणाऱ्या सरड्या-पालींनाही तोच शब्द लागला. १७८८ साली फ्रेंच निसर्गअभ्यासक लासेपेद यांनी आपल्या ग्रंथात तो एका सरड्याचं नाव म्हणून वापरला. १८१८मध्ये घरात फिरणाऱ्या एका पालीच्या शास्त्रीय नावातही तो शिरला. आणि १८२६मध्ये व्हिएन्नाचे लिओपोल्ड फिट्झिंगर यांनी सापसुरळ्यांची एक प्रजातीच ‘मबूया’ या नावानं उभी केली. भुताचं नाव आता शास्त्राच्या वहीत पक्कं झालं होतं.

या प्रजातीचं पुढे गाठोडं झालं. त्याला कारण होतं. या साऱ्या सापसुरळ्या दिसतात विलक्षण सारख्या: अंगावर एकावर एक बसलेले चकचकीत खवले, पाच-पाच बोटांचे आखूड पाय, अंगापेक्षा लांब आणि संकटात तुटून पडणारी शेपटी. आफ्रिकेतली, मादागास्करमधली, भारतातली, ब्राझीलमधली सापसुरळी शेजारी शेजारी बाटलीत ठेवली, तर भल्याभल्यांनी त्यांना बहिणी म्हटलं असतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून जगभरच्या सरड्यांची सूची तयार करणाऱ्या बूलेंजर यांनी १८८७च्या खंडात नेमकं हेच केलं आणि सगळ्यांना एका छपराखाली आणलं. त्यात आपल्याही आल्या. जर्मन पंडित श्नायडर यांनी १८०१मध्ये ‘कॅरिनाटा’ हे नाव दिलेली मोठी सापसुरळी त्यात होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइद यांनी १८५३मध्ये ‘मॅक्युलारिया’ म्हटलेली, गवतात राहणारी छोटी तांबूस सापसुरळीही होती.

या गाठोड्यात एक नाव महाराष्ट्रातलं आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले कार्ल पॅटरसन श्मिट यांच्याकडे सिम्पसन-रूझवेल्ट आशियाई मोहिमेत गोळा झालेले सरपटणारे प्राणी अभ्यासासाठी आले. त्यात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या, आलापल्लीच्या सागवानी जंगलातली एक छोटी सापसुरळी होती. ती तोवर कुणी नोंदवलेली नव्हती. १९२६मध्ये श्मिट यांनी तिला नाव दिलं, ‘मबूया आलापल्लेन्सिस’. एका बाजूला कॅरिबियन भूत, दुसऱ्या बाजूला गडचिरोलीतलं गाव, आणि दोघांमध्ये गवतातून पळणारा एक बोटभर जीव!

याच श्मिट यांनी १९४५मध्ये आणखी एका सापसुरळीला नाव दिलं, ‘मबूया अटलांटिका’. ती ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या फर्नांदो दे नोरोन्या या बेटसमूहावर राहते. अमेरिगो व्हेस्पुची यांच्या नावावर असलेल्या सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका पत्रात दक्षिण अटलांटिकमधल्या एका बेटाचं वर्णन आहे आणि त्यात दोन शेपट्यांच्या सरड्यांचा उल्लेख येतो. अभ्यासक ते बेट म्हणजे नोरोन्या आणि ते सरडे म्हणजे याच सापसुरळ्या असं मानतात. अर्धवट तुटलेली शेपटी जागेवर राहिली आणि शेजारून नवी फुटली, तर दोन शेपट्या दिसतात. खलाशांनी बघितलं ते बरोबर होतं.

गाठोड्याची गाठ सुटली ती या बेटावरच्या सापसुरळीमुळे. २००२मध्ये माउसफेल्ड आणि त्यांच्या जर्मन व ब्राझिली सहकाऱ्यांनी तिची जनुकं इतर सापसुरळ्यांशी ताडून पाहिली. ब्राझीलच्या दारात राहणारी ही सापसुरळी ब्राझीलमधल्या सापसुरळ्यांच्या जवळची निघालीच नाही. तिचे सगेसोयरे आफ्रिकेत होते. कधीतरी एखाद्या वाहत्या ओंडक्यावर बसून तिच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला असणार. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की अमेरिकेतल्या सापसुरळ्यांचे पूर्वजही आफ्रिकेकडूनच आले, पण वेगळ्या फेरीत. म्हणजे या इवल्या प्राण्यांनी अटलांटिक दोनदा पार केला.

मग एकच नाव ठेवणं खोटं ठरलं असतं. ‘मबूया’ हे नाव अमेरिकेकडे राहिलं, कारण ते मुळात तिथलंच. केप व्हर्द बेटांवरच्या सापसुरळ्या ‘कायोनिनिया’ झाल्या. आफ्रिकेतल्या गटाला आधी ‘युप्रेपिस’ म्हटलं गेलं, पण नामकरणाच्या नियमांनुसार ते नाव त्या गटाला लागत नाही, हे ॲरन बाऊर यांनी वर्षभरातच दाखवलं आणि तो गट ‘ट्रॅकिलेपिस’ झाला. आशियातल्या सापसुरळ्यांना मिळालं ‘युट्रोपिस’. ही शेवटची दोन नावं नवी नव्हती. प्राण्यांच्या नामकरणात जुन्या नावाचा मान आधी असतो. ‘मबूया’ रूढ करणाऱ्या फिट्झिंगर यांनीच १८४३मध्ये ही दोन्ही नावं सुचवली होती, आणि दीडशेहून अधिक वर्षं ती अडगळीत पडून होती.

ही वाटणी केवळ वहीतली नाही. आपल्याकडची मोठी सापसुरळी मातीत अंडी घालते. अमेरिकेतली मबूया मात्र पिल्लांना जन्म देते, आणि तेही अशा रीतीनं की सस्तन प्राण्यांची आठवण यावी. तिचं बीजांड जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, वारेतून आईच पिल्लाला पोसते. दोघी एकाच नावाखाली असताना हा मोठा फरक वरवर पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटत होता.

कॅरिबियन मबूयाच्या कथेत भारताचा एक दुःखद धागा आहे. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारावेत म्हणून १८७२मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगुसं जमैकात नेऊन सोडण्यात आली. पुढे ती आणि त्यांचे वंशज इतर बेटांवरही पोचले. २०१२मध्ये हेजेस आणि कॉन यांनी कॅरिबियन सापसुरळ्यांची फेरतपासणी करून २४ नव्या जातींची नोंद केली, तेव्हा त्यांतल्या अनेक जाती नामशेष झालेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या निघाल्या. या ऱ्हासाचं मोठं कारण त्यांनी मुंगूस हेच मानलं. ज्या जीवाला लोक भूत समजून घाबरत होते, त्याला कोपऱ्यात गाठलं ते आपल्याकडून गेलेल्या मुंगसानं.

आपल्या सापसुरळ्यांची कथा मात्र पुढे चालू राहिली. २०१२मध्येच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युट्रोपिसची वंशावळ मांडली. त्यातून दिसलं की या कुळाचे पूर्वज आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथल्या मातीत त्यांच्या वेगवेगळ्या जाती फुलल्या. गडग्यावरची ती सापसुरळी दूरच्या वाटेनं इथं येऊन इथलीच झाली आहे.

‘युट्रोपिस’ हा शब्द ग्रीक आहे. ‘यु’ म्हणजे चांगला आणि ‘ट्रोपिस’ म्हणजे होडीच्या तळाचा लांबलचक कणा. पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर अशा कण्यासारख्या बारीक उभ्या रेघा उठलेल्या असतात, त्यांवरून हे नाव. ‘कॅरिनाटा’ या लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच, कणा असलेली. या रेघा लांबून दिसत नाहीत. सापसुरळी उन्हात स्थिर बसलेली असताना, काठी खाली ठेवून, श्वास रोखून जवळ वाकलं तरच दिसतात. भुताच्या आणि सापाच्या नावांनंतर या जीवाला अखेर एक नाव असं मिळालं, जे त्याच्याकडे नीट पाहिल्याशिवाय सुचणंच शक्य नव्हतं.

आलापल्लीच्या सापसुरळीचं आजचं नाव ‘युट्रोपिस आलापल्लेन्सिस’ असं लिहितात आणि पुढे कंसात श्मिट, १९२६. प्राणी एका प्रजातीतून दुसरीत गेला की मूळ नाव देणाऱ्याभोवती कंस येतो, असा नियम आहे. तिच्या नावातलं भूत गेलं. पण गडचिरोलीच्या सागवनातलं गाव जिथल्या तिथे राहिलं, कारण ती कुठे सापडली हे पहिल्या दिवसापासून खरं होतं.