फुलंब्रीचे नाव मिरविणारा गायक : मास्टर कृष्णराव



छत्रपती संभाजीनगराहून जळगावच्या सडकेने निघाले म्हणजे प्रथम फुलंब्री लागते, मग सिल्लोड, आणि त्यापुढे घाटमाथ्यावर आमचे अजिंठा गाव. शिक्षकी पेशात असताना या वाटेने मी किती वेळा आलो-गेलो याची गणती नाही. फुलंब्रीच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की एका गृहस्थांचे मला हटकून स्मरण होई. त्यांचा जन्म या गावी झालेला नाही. तथापि या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी जर कोणी बसविले असेल तर ते त्यांनीच. हे गृहस्थ म्हणजे कृष्णराव गणेश फुलंब्रीकर, अर्थात मास्टर कृष्णराव. एकदा वर्गात हजेरी घेता घेता मी मुलांना विचारले, “फुलंब्रीकर म्हणून एक थोर गवई होऊन गेले, कोणाला ठाऊक आहे काय?” एकही हात वर झाला नाही. दोष मुलांचा नव्हे. आम्ही वडील मंडळींनीच ते त्यांना कधी सांगितले नव्हते.

आजच्या भाषणाचा विषय ठरविताना माझ्यापुढे एक प्रश्न होता. जो मनुष्य ख्यालाची कठीण विद्या कमावतो आणि तीच घेऊन नाटकाच्या रंगभूमीवर उभा राहतो, त्याला काय मिळते आणि त्याचे काय हरवते? हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. युरोपातही ऑपेरा हे संगीताचे उच्चासन आणि ऑपेरेटा म्हणजे रंजनाचा हलका प्रकार, अशी प्रतवारी पूर्वीपासून आहे. रिचर्ड टाउबर हा ऑस्ट्रियन टेनर, म्हणजे पुरुषी गळ्याच्या उंच पट्टीतला गायक, मोझार्टच्या ऑपेरांत नावाजलेला. पुढे फ्रान्झ लेहारच्या ऑपेरेटा गाऊन तो घरोघर पोहोचला, आणि पुष्कळ जाणत्यांनी नाके मुरडली. त्याच टाउबरने मृत्यूपूर्वी अवघे तीन-साडेतीन महिने, सप्टेंबर 1947 मध्ये, फुप्फुसाच्या दुर्धर रोगाने ग्रस्त असता लंडनला मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’त आपली भूमिका गायिली! हलके गाऊन गळा हलका होतो, या म्हणण्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्या कथानायकाकडे वळू. कृष्णरावांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी देवाच्या आळंदीस झाला. ज्ञानदेवांच्या समाधीपाशी अभंग, कीर्तन, टाळमृदंग यांचा घोष अहोरात्र चालावयाचा. मुलाच्या कानावर पहिले संस्कार झाले ते त्याचे. 1911 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ते नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले आणि ‘संत सखू’ नाटकात रंगभूमीवर आले. लहान गायकनटास ‘मास्टर’ म्हणण्याची त्या काळी चाल होती. इतरांच्या नावामागची ही उपाधी मिसरूड फुटताच गळून पडे. कृष्णरावांची मात्र अखेरपर्यंत टिकली. सत्तरी ओलांडलेल्या वृद्धासही लोक ‘मास्टर’च म्हणत.

नाटक मंडळीत शिरलेल्या गोड गळ्याच्या मुलाचे पुढे काय होत असे, हे आपणांस ठाऊक आहे. कंठ फुटला की त्याची किंमत शून्य. कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले हे याच अनुभवातून गेलेले. तेही लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गात असत. आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. बुवांनी बडोद्यास फैजमहंमदखाँ, मग आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तीन उस्तादांपाशी पडेल ती सेवा करून विद्या संपादन केली आणि महाराष्ट्रातील अग्रगण्य ख्यालगायक झाले. गंमत अशी की ज्या रंगभूमीने त्यांना दूर लोटले तिलाच त्यांनी पुढे आपल्या विद्येचे देणे दिले. 1916 सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. अशा गुरूच्या हाती हा मुलगा पडला, हे त्याचे भाग्य. तालीम चालली ती शुद्ध ख्यालाची. परंतु नाटक हे गवयाच्या इभ्रतीस कमीपणा आणणारे आहे, असा संस्कार त्या घरी होणे शक्यच नव्हते.

8 एप्रिल 1922 रोजी भास्करबुवा वारले. कृष्णराव त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. बालगंधर्वही बुवांचेच शिष्य. गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचा भार आता या तरुण गुरुबंधूच्या शिरावर आला. तो त्यांनी दुहेरी उचलला. रात्री तोंडाला रंग लावून रंगभूमीवर गावयाचे आणि दिवसा नव्या नाटकाच्या चाली बांधावयाच्या.

चाल बांधणे म्हणजे काय, हे जरा सांगितले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की पेटी पुढे घेऊन काही गोड सुचले की चाल झाली. संगीत नाटकांत बहुधा उलट चाले. एखाद्या रागातील बंदिश, ठुमरी वा गझल घ्यावयाची, तिचा तोंडवळा आणि तालाचा साचा कायम ठेवून त्यात मराठी शब्द बसवावयाचे. येथेच खरी अडचण. मूळ चीजेत एका अक्षरावर चार मात्रा रेंगाळता येते. मराठी पदातील जोडाक्षर तेथे आले की घास अडकल्यासारखे होते. शिवाय मैफलीत गवयाला एक राग तासभर मांडण्याची मोकळीक. येथे नायिका रुसलेली आहे, नायक विंगेत उभा आहे आणि सात-आठ मिनिटांत रागाचे सारे रूप दाखवून कथानक पुढे सरकावयास हवे. त्यात प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ आला की तेच पद पुन्हा, पण नव्या अंगाने. गायकनटाने आलाप घ्यावा, ताना घ्याव्यात, आणि नेमक्या क्षणी मुखड्यावर येऊन संवादाच्या हवाली व्हावे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांसारखे कलावंत बसले असता तेथे कच्चे सोंग टिकणे अशक्य होते. माझ्या मते कृष्णरावांच्या मैफलीच्या गाण्यात जो चटपटीतपणा होता, लयीशी लपंडाव खेळत अचानक समेवर येण्याची जी खुबी होती, तिला पुष्कळशी धार याच शाळेत चढली असावी.

‘आशा-निराशा’, ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धी’ अशी कितीतरी नाटके त्यांच्या चालींवर उभी राहिली. यांतील ‘कान्होपात्रा’ 1931 चे. तेथे आळंदीचे बालपण कामास आले. संतांचे अभंग त्यांनी रागात बसविले, परंतु अभंगाचा अभंगपणा जाऊ दिला नाही. टाळकऱ्यालाही ते आपले वाटले आणि गवयालाही. नाटकातून सुटून ती पदे भजनी मंडळांत गेली.

पुढे बोलपटांचा जमाना आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवे एकेक मालवू लागले. कृष्णराव प्रभातच्या स्टुडिओत गेले. 1935 चा ‘धर्मात्मा’ हा आमच्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांवरचा चित्रपट. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, संगीत कृष्णरावांचे. त्यामागून ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी अनेक भाषांची वळणे घेणारे जे खट्याळ गाणे आहे, ते रचणारा मनुष्य सकाळी तंबोऱ्यावर तोडी आळवीत असेल, असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. 1944 च्या ‘भक्तीचा मळा’त तर सावता माळ्याची भूमिका त्यांनी स्वतःच केली. मध्यंतरी 1942 साली रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ नाटकास त्यांनी चाली दिल्या. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकांचा काळ संपला होता. पदे थोडी, आटोपशीर, ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या भावपूर्ण गळ्याला शोभणारी. गंधर्व मंडळीत पद फुलविण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने पद आवरते घेण्याचेही शिक्षण स्वतःला दिले. मला दुसरे पहिल्याहून कठीण वाटते.

आता एका अवघड कार्याविषयी. आमच्या भागात त्या वेळी निजामाचे राज्य होते. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि तेथून पेटलेली ठिणगी हैदराबादपर्यंत गेली. शेकडो विद्यार्थ्यांना संस्थेबाहेर जावे लागले. कित्येकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. हे सारे येथे घडत असता फुलंब्रीचे नाव सांगणारा एक गायक ब्रिटिश मुलखात त्याच गीतासाठी झगडत होता. आपल्या मैफलींतून ते गीत तो आवर्जून गाई. आकाशवाणीवर ते गाण्यास मज्जाव झाला तेव्हा कृष्णरावांनी आकाशवाणीवरील गाणेच सोडले, आणि स्वातंत्र्य आल्यावरच ते पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे आले. आज त्याच आकाशवाणीवरून मी हे सांगत आहे, याची मला जाणीव आहे.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न निघाला. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर वाजविण्यास सोयीचे नाही, बँडच्या चालीत ते बसत नाही, असा मुख्य आक्षेप होता. यावर वाद न घालता कृष्णरावांनी झिंझोटी रागात सर्वांना एकसुरात म्हणता येईल अशी चाल बांधली, तिची बँडवर वाजेल अशी रचना सिद्ध केली आणि दिल्लीस जाऊन पंडित नेहरू व घटना समितीचे सभासद यांच्यापुढे तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले. मान त्यांच्या इच्छेप्रमाणे मिळाला नाही. 24 जानेवारी 1950 रोजी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आणि ‘वंदे मातरम्’लाही समान सन्मान राहील असे सांगितले. एका गवयाने पदरचा वेळ आणि श्रम खर्चून एवढी खटपट केली, ती वाया गेली असे मी मुळीच म्हणणार नाही; परंतु ती चाल आज किती शाळांत म्हटली जाते, हे विचारण्याचा मला शिक्षक म्हणून संकोच वाटतो. माझ्याही शाळेत ती कधी झाली नाही.

अजिंठ्याच्या माणसाला कृष्णरावांचे ऋण मानण्यास आणखी एक कारण आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी रंगून नाचते आहे आणि भोवती वादक स्त्रियांचा ताफा आहे. बासऱ्या ओठांना लागलेल्या आहेत. दीड हजार वर्षे त्या वाजताहेत, पण आपल्याला ऐकू येत नाहीत. मुलांची सहल नेली की कोणीतरी विचारावयाचेच, “गुरुजी, हे काय वाजवीत असतील?” त्या बासऱ्यांचे सूर काळाने नेले, बुद्धाची प्रार्थना मात्र पाली भाषेत शिल्लक राहिली. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेला स्वरसाज चढविण्याचे काम कृष्णरावांनी केले आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास धर्मदीक्षेचा सोहळा झाला. आळंदीत अभंग ऐकत वाढलेला, ख्यालाच्या तालमीत तयार झालेला, गंधर्व मंडळीत वन्समोअर घेतलेला मनुष्य पाली गाथांना स्वर देतो, हा योग मला विलक्षण वाटतो. नाटकाने त्याला शब्दापुढे नमते घ्यावयास शिकविले नसते, तर हे काम त्याच्याकडून इतक्या सहज झाले असते काय?

तरीही आरंभीचा प्रश्न मी टाळणार नाही. काहीतरी हरवले हे खरे. जो वेळ नाटकांच्या तालमींत, स्टुडिओत आणि दिल्लीच्या खेपांत गेला तो मैफलीचा होता. त्यांच्या ख्यालगायनाच्या जुन्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या. त्यांवरून रागाचा विस्तार ते कसा करीत याची कल्पना कशी यावी? घराण्याचा अभिमान धरणाऱ्या काही रसिकांनी त्यांना ‘नाटकवाले’ म्हणून बाजूस बसविले. मंगल तोडी, तिलक केदार यांसारखे नवे राग ज्याने निर्माण केले, त्याच्या विद्येची ही मापणी अन्यायाची होय. परंतु ऐकावयास मिळाले नाही ते मिळाले नाहीच, आणि ही हळहळ मीही बाळगतो.

उत्तरायुष्यात त्यांनी गुरूने 1911 साली पुण्यास स्थापिलेल्या भारत गायन समाजाची धुरा वाहिली, आणि बंदिशींचे ‘रागसंग्रह’ सात भागांत प्रसिद्ध केले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 20 ऑक्टोबर 1974 रोजी ते निवर्तले. रागसंग्रहाचा एक भाग, पाठपुठ्ठा निघालेला, माझ्या कपाटात आहे. मला पेटीवर जेमतेम सरगम काढता येते. पण शेजारची एक मुलगी हल्ली संध्याकाळी येऊन त्यातील चीजा उतरवून घेते, आणि अडेल तेथे मला विचारते. मी तिला सांगतो, “बाई, तेवढे मला येत नाही. पुढची ओळ वाच.”