संगणक वेगवान झाला आणि खेळ थांबला

खास खेळांसाठी बांधलेल्या आजच्या संगणकावर १९९० च्या दशकातला एखादा डॉसवरचा खेळ चालवून पाहा. हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, असा निरोप मिळेल. हजारो पट सामर्थ्यवान यंत्राला इतका साधा खेळ का जमू नये? विद्यार्थी हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर शोधताना आपण थेट १९८१ पर्यंत मागे जातो.

त्या वर्षी आय.बी.एम. कंपनीचा 'पीसी' आला. त्यातील ८०८८ प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. हा विचित्र आकडा आला कुठून? यंत्रात १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. त्याला ४ ने भागले की अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीला लागणारी वारंवारता मिळे, ३ ने भागले की प्रोसेसरची आणि १२ ने भागले की घड्याळाची. घड्याळ आपले ६५,५३६ स्पंद मोजून एक ठोका देई, म्हणजे सेकंदाला सुमारे १८.२ ठोके. हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे.

घड्याळ होते, पण ५५ मिलिसेकंदांचा ठोका खेळाला फार ओबडधोबड. शिवाय सगळ्या पीसींचा वेग सारखाच. तेव्हा अनेकांनी सोपा मार्ग धरला: चित्र हलवा, काही हजार रिकाम्या फेऱ्या मारा, पुन्हा चित्र हलवा. (विद्यार्थिदशेत आम्हीही हेच करत असू.) लपंडावात राज्य असलेला गडी शंभरपर्यंत आकडे मोजतो, तसे हे. तो भराभर मोजू लागला की लपणाऱ्यांची तारांबळ उडते. १९८४ मध्ये ६ मेगाहर्ट्झचा 'पीसी-एटी' आल्यावर तेच झाले. मग इतर उत्पादकांनी संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' बटण बसवले. नावावरून वेग वाढेल असे वाटते, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मुद्दाम हळू करण्यासाठी होता! १९९० चा 'विंग कमांडर' हा खेळही पुढच्या यंत्रांवर इतका वेगाने पळू लागला की खेळणे अशक्य व्हावे.

ही झाली घड्याळाकडे न पाहणाऱ्यांची गोष्ट. आम्हाला अधिक रंजक वाटते ती पाहणाऱ्यांची. टर्बो पास्कल भाषेतील 'क्रट' हा भाग सुरुवातीलाच घड्याळाच्या एका ठोक्यात किती रिकाम्या फेऱ्या होतात ते मोजत असे आणि त्या संख्येला ५५ ने भागून एका मिलिसेकंदाचा हिशेब ठेवत असे. यंत्र कोणतेही असो, विलंब अचूक! पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. फक्त उत्तरासाठी १६ बिटांचीच जागा होती, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. एका ठोक्यात सुमारे ३६ लाख फेऱ्या होऊ लागल्या की भागाकार त्या जागेत मावेना. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर ही वेळ आली. भागाकार मावला नाही तर प्रोसेसर शून्याने भागल्यावर देतो तोच इशारा देतो. म्हणून पडद्यावर 'रनटाइम एरर २००', शून्याने भागाकार, असे उमटे. भाजक तर ५५ होता, शून्य कुठेच नव्हते! १९९४ चा 'जॅझ जॅकरॅबिट' असाच अडला. प्रयोगाची मोजमापे नोंदवणारे प्रोग्रामही क्रट वापरत असतील तर सुरू होताच थांबत.

आजचा नकार मात्र वेगामुळे नाही. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६ चे सोंग घेण्याची सोय होती. २००३ मध्ये ए.एम.डी.ने ६४ बिटांचे प्रोसेसर आणले. त्यांत ६४ बिटी कामकाज चालू असताना ही सोय मिळत नाही. त्यामुळे ६४ बिटी विंडोजने १६ बिटी प्रोग्राम सोडून दिले.

यावर उपाय म्हणजे २००२ पासून मोफत मिळणारा 'डॉसबॉक्स'. तो जुना संगणक प्रोसेसरसकट सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. एका मिलिसेकंदात किती आज्ञा पाळायच्या, हे आपण सांगायचे. तीन हजार म्हटले तर सेकंदाला तीस लाख. प्रत्येक खेळाचा योग्य आकडा वेगळा. तो थोडाथोडा वाढवत, पडद्यावरच्या हालचालीकडे पाहत ठरवावा लागतो. तोच खेळ त्या काळच्या यंत्रावर खेळलेला एखादा शिक्षक शेजारी बसला असेल, तर हे काम लवकर होते.