पहिल्याच भागात ओळखलेला खुनी

बासू चटर्जी दिग्दर्शित ‘व्योमकेश बक्षी’ ही मालिका १९९३ साली दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा उपग्रह वाहिन्यांचे युग नुकतेच उजाडले होते. स्टार १९९१ मध्ये आले, झी ऑक्टोबर १९९२ मध्ये. रंगीबेरंगी कार्यक्रमांच्या त्या गर्दीत धोतर नेसणारा, आवाज न चढवणारा आणि पिस्तुलापेक्षा तर्कावर विसंबणारा एक बंगाली तरुण घरोघरी येऊ लागला. रजित कपूर यांचा व्योमकेश आणि के. के. रैना यांचा अजित त्या काळच्या प्रेक्षकांना आजही डोळ्यांपुढे दिसतात. मालिका नावाजली गेली, हे सर्वश्रुत आहे. तिच्या पहिल्या भागाबद्दल, म्हणजे ‘सत्यान्वेषी’बद्दल मात्र मतभेद होते, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा ते नव्याने ऐकू आले. त्या मतभेदांचा थोडा ऐतिहासिक विचार करावा, असे वाटते.

पहिला आक्षेप सर्वांच्या तोंडी असे : खुनी फार लवकर ओळखू येतो. (कथा नव्वद वर्षांची जुनी आहे, तेव्हा तिचे रहस्य येथे उघड केले तर वाचकांनी क्षमा करावी.) कलकत्त्याच्या एका बदनाम वस्तीत अनुकूलबाबू नावाचे होमिओपाथ डॉक्टर एक मेस चालवतात. खाली दवाखाना, वर भाडेकरूंच्या खोल्या. वडिलांनी ठेवलेल्या पैशावर साहित्यसेवा करू पाहणारा अविवाहित अजित तेथेच राहतो. जागा मिळत नाही म्हणून अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण येतो आणि अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. पुढे अश्विनीबाबू या भाडेकरूचा खून होतो, पोलीस येतात, संशयाची सुई फिरते. अखेरीस कळते की अतुल हाच व्योमकेश आणि सौजन्यमूर्ती डॉक्टर हाच कोकेनचा गुप्त व्यापारी व खुनी.

आता हे खरे की सराईत प्रेक्षक डॉक्टरवर पहिल्या काही मिनिटांतच बोट ठेवतो. पण याचे कारण कथेपेक्षा माध्यमात आहे, असे माझे मत आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ही कथा लिहिली ती लेखनक्रमाने तिसरी. त्याआधी १९३२ मध्ये ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत हिरा’ लिहून झाल्या होत्या. व्योमकेशची मालिकाच करावी असे ठरल्यावर त्याची आणि अजितची पहिली भेट सांगण्यासाठी त्यांनी ‘सत्यान्वेषी’ रचली. त्यामुळे छापील कथेत दोन पडदे आहेत. एक डॉक्टरच्या चेहऱ्यावर, दुसरा अतुलच्या नावावर. वाचकाची नजर या दोहोंमध्ये विभागली जाते. एवढे सगळे विचारणारा हा अतुल तरी कोण, अशी शंका त्याला चाटून जाते. दूरदर्शनवर दुसरा पडदा टिकूच शकत नव्हता. मालिकेचे नावच व्योमकेशचे, आणि समोर आलेला तरुण हाच मुख्य नट, हे प्रत्येकाला ठाऊक. मग उरलेले सारे लक्ष एकट्या डॉक्टरवर एकवटले आणि बिचारा पकडला गेला. यात दिग्दर्शकाचा दोष काढणे अन्यायाचे होईल.

शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीतही दोन अविवाहित पुरुष जागेच्या अडचणीमुळे एकत्र येतात. हे साम्य दाखवून व्योमकेशला नक्कल ठरवणारे प्रेक्षकही भेटतात. पण वॉटसनला होम्स होम्स म्हणूनच भेटतो. अजितला मात्र मित्र भेटतो तो खोट्या नावाने, आणि ज्याच्यावर विश्वास टाकावा तो घरमालक भेटतो तोही खोट्या रूपाने. फसवणूक दोघांकडून होते. एकाची सत्यासाठी, दुसऱ्याची पापासाठी. अजितने दोघांशी सारख्याच मोकळेपणाने वागावे, ही या कथेतली खरी हुरहूर आहे, आणि के. के. रैना यांनी ती नेमकी टिपली आहे. खुनी कोण हे आधी कळले तरी ती उणावत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडच्या तरुण प्रेक्षकांचा : १९२०च्या दशकात, तेही होमिओपाथीच्या पुड्यांतून, कोकेन विकले जाते हे चित्रपटी वाटते. येथे इतिहासाची साक्ष काढावी लागते. कथेचा काळ अजित स्वतःच बंगाली सन १३३१ असा देतो, म्हणजे इसवी सन १९२४-२५. हिंदुस्थानात कोकेनच्या व्यसनाची सुरुवात १८९०च्या सुमारास भागलपूरकडे झाल्याचे सांगतात. दातदुखीवर औषध म्हणून घेतलेले कोकेन पुढे सवयीचे झाले, अशी ती हकीकत आहे. तेथून ते कलकत्त्यात आणि उत्तरेकडील शहरांत पसरले. बरेच लोक ते विड्याच्या पानातून खात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रांतिक सरकारांनी अबकारी कायद्यांनी त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले, आणि नेहमीप्रमाणे निर्बंधांमागून चोरटा व्यापार आला. जर्मनीत आणि नंतर जपानमध्ये तयार झालेला माल बंदरांतून लपूनछपून उतरे. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा यांनी या व्यसनाचा अभ्यास करून १९३१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, घातक द्रव्यांविषयीचा अखिल भारतीय कायदा झाला होता. शरदिंदुबाबूंनी कथा लिहिली ती यानंतर लगेचच. तेव्हाच्या वाचकाला कोकेन ही वर्तमानपत्रातली रोजची बातमी होती, आणि शरदिंदु यांनी वकिलीचे शिक्षण घेतलेले असल्याने कायद्याच्या फटी त्यांना दिसत असणार. पांढरी भुकटी आणि पांढऱ्या पुड्या यांतला फरक उंबरठ्यावरून कोण ओळखणार? शासकीय सेवेत असताना परवान्यांच्या नोंदवह्या मीही पुष्कळ चाळल्या आहेत. नोंद जितकी स्वच्छ, तितके अधिक बारकाईने पाहावे, हा धडा प्रत्येक नव्या कारकुनाला ज्येष्ठ मंडळी देत असत. अनुकूलबाबू हे पात्र त्या धड्याचे उत्तम उदाहरण आहे.

मेस हा शब्दही आपल्याकडे जरा वेगळ्या अर्थाने रूढ आहे. आपली खाणावळ म्हणजे जेवणापुरती. कलकत्त्याची मेस म्हणजे खोली, खाट, जेवण आणि शेजार. गावाकडून आलेले कारकून, विद्यार्थी, विमा एजंट यांचे ते एकत्र बिऱ्हाड. शरदिंदु स्वतः विद्यार्थिदशेत अशा मेसमध्ये राहिले होते. पुढे व्योमकेशचे घरही त्यांनी हॅरिसन रोडवर ठेवले. त्या रस्त्याला आता महात्मा गांधी रोड म्हणतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्यांना लागू आहे. बंगाली कथा हिंदीत, तीही मुंबईच्या मंडळींनी सादर केली, म्हणून तिचा बंगालीपणा गेला, असे काही जण म्हणत. बंगालमधील अनेक रसिकांनी रजित कपूर यांना पुढे मनापासून स्वीकारले, ही गोष्ट वेगळी. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी लेखकाचे चरित्र पाहिले होते काय? शरदिंदु १८९९ मध्ये जौनपूरला जन्मले. घर मुंगेरला, वडील तेथे वकील. १९३८ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’साठी पटकथा लिहायला ते मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. १९५०च्या दशकापासून १९७० मधील मृत्यूपर्यंतच्या बहुतेक व्योमकेशकथा पुणेकर शरदिंदुंच्या आहेत. बंगालीतला हा अस्सल कलकत्तेकर सत्यान्वेषी अशा रीतीने बंगालबाहेर राहणाऱ्या माणसाने घडवला. इतकेच नव्हे, शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलावर त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी कथाही लिहिल्या. आणि दिग्दर्शक बासू चटर्जी? त्यांचा जन्म अजमेरचा. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वर्षानुवर्षे व्यंगचित्रे काढून मग ते चित्रपटांकडे वळले. लेखक प्रवासी, दिग्दर्शक प्रवासी. आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यातील मंडळी पाच-सात पिढ्या घरात मराठी आणि बाजारात दुसरी भाषा बोलत आलो आहोत. बिऱ्हाड बदलले की माणूस उणा होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कथेला तरी निराळा न्याय का लावावा?

जाता जाता एक दुरुस्ती. पहिल्या भागात सत्यवती पाहिल्याचे काही जण खात्रीने सांगतात. ती तेथे नाही. सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली सत्यवती व्योमकेशच्या आयुष्यात येते ती ‘अर्थमनर्थम्’ या कथेत. ‘सत्यान्वेषी’त तर व्योमकेशचे स्वतःचे नावसुद्धा अखेरीसच उच्चारले जाते. ‘गुप्तहेर’ हा शब्द त्याला आवडत नाही, म्हणून दारावरच्या पाटीवर त्याने स्वतःला सत्यान्वेषी म्हटलेले असते, आणि अजित ती पाटी वाचून चकित होतो. डॉक्टरला शिक्षा झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे ज्यांना वाटले त्यांनी ‘उपसंहार’ ही कथा पाहावी. अनुकूलबाबू तुरुंगातून सुटून, नवे नाव घेऊन, व्योमकेशच्या शोधात परत येतात.