कात्री कोणाच्या हातात? घरगुती व्हिडिओचा इतिहास आणि आपण

७ डिसेंबर १९५६. मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली होती. त्या दिवसाची हलती चित्रे नामदेवराव व्हटकर यांनी धडपड करून टिपून ठेवली. आपला इतिहास दुसरे कोणीतरी जपेल, या भरवशावर ते बसले नाहीत.

तेव्हा संकलन म्हणजे खरोखर कात्री चालवणे होते. फिल्म कापायची आणि चिकटवायची. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, तरी एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवत जोडकाम करावे लागे आणि प्रत्येक नकलेत चित्र फिकट होई. हे काम स्टुडिओवाल्यांचे होते, वस्तीतल्या पोरांचे नव्हते.

ही मक्तेदारी मोडली ती सोप्या सॉफ्टवेअरने. १९९९ मध्ये अ‍ॅपलचे आयमूव्ही आले. २००० मध्ये विंडोज एमईसोबत मूव्ही मेकर आले आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीसोबत ते घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोहोचले. क्लिप ओढा, पट्टीवर सोडा, नको तो भाग कापा, वर नाव टाका. झाला व्हिडिओ! वेगळे पैसे मोजायचे नाहीत की इंजिनिअर व्हायचे नाही.

पण कात्री हातात आल्यावर आपण काय कापले?

डीव्ही टेपवरचे एक तासाचे चित्रण कॉम्प्युटरवर घेतले की सुमारे १३ जीबी जागा खाई. तेव्हाची ४० जीबीची हार्ड डिस्क तीन तासांत भरून जाई. वाटायला व्हीसीडी, आणि एका सीडीत मावणार जेमतेम सव्वा तास. म्हणजे कापणे भागच होते. अशा वेळी मंचावरचे पाहुणे आणि हारतुरे राहतात. पहाटेपासून स्वयंपाकाला बसलेल्या आया-बहिणी आणि कोपऱ्यात गाणारी म्हातारी जातात. मूळ चित्रणही डिस्क रिकामी करण्यासाठी पुसले जाते.

लिखित इतिहासातही हेच झाले होते. म्हणून तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना चळवळीतल्या स्त्रियांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक करावे लागले. कात्री आपली असली म्हणून ती आपोआप न्यायी होत नाही.

कोणी म्हणेल, जयंतीच्या क्लिपा जोडणे हा पोरांचा छंद, त्यात इतिहास कसला? त्यांनी घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर आठवावे. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. वाद कशाचा होता? टँकर कुठे होते, जाळपोळ कधी झाली, गोळ्या कधी सुटल्या, याचा. म्हणजे क्रमाचा. आणि पट्टीवर दोन तुकड्यांची अदलाबदल करायला एक क्षण पुरतो. न कापलेले मूळ चित्रण हाच त्यावरचा उतारा आहे. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी १४ वर्षे चित्रण केले, त्याचे मोल इथे कळते.

आणखी एक धडा. मूव्ही मेकरची ‘प्रोजेक्ट’ फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. कुठली क्लिप कुठे कापली, एवढीच नोंद तिच्यात असते. प्रोजेक्ट जपून ठेवला आणि क्लिपा पुसल्या, तर हाती रिकाम्या चौकटी उरतात. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने मूव्ही मेकर देणेच बंद केले. कंपनीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर चालते. म्हणून ओपनशॉट, शॉटकट यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर शिकून घ्या.

मित्रांनो, सॉफ्टवेअर कोणतेही असो, नियम एकच ठेवा. मूळ चित्रणाला हात लावू नका. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. फाइलला तारीख, ठिकाण आणि चित्रण करणाऱ्याचे नाव द्या. मूळ आवाज पुसून त्यावर डीजे चढवू नका. त्या आवाजात घोषणा आहेत, भाषणे आहेत, आपल्या आजीचा गळा आहे.

ज्यांचा इतिहास हजारो वर्षे दुसऱ्यांनी कापला, त्यांनी स्वतःच्या हाताने तो पुसू नये.

जय भीम!