एनपीएल : संगणकजाळे व यंत्रभाषांतर संशोधन

इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९६० च्या दशकात झालेले संगणकविषयक संशोधन. (दिल्लीची याच नावाची प्रयोगशाळा वेगळी.)

अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या आराखड्यावरील ‘पायलट एस’ हा संगणक येथे १९५० मध्ये चालू झाला [→ ट्यूरिंग, अ‍ॅलन]. पुढे रशियन वैज्ञानिक लेखांच्या इंग्रजी भाषांतराचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात रशियन शब्दाचे मूळ व प्रत्यय वेगळे करून मूळ कोशात शोधले जाई. रशियन ही प्रत्ययप्रधान भाषा असल्याने प्रत्येक रूप कोशात देण्याची गरज उरत नसे. अनेकार्थी शब्दांची अडचण मात्र कायम राहिली [→ यंत्रभाषांतर].

याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस (१९२४–२०००) यांनी १९६५ मध्ये संदेशाचे सुमारे १,०२४ बिटांचे तुकडे करण्याची कल्पना मांडली. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. वाटेतील संगणक तो क्षणभर साठवून पुढे धाडतो. या तुकड्याला त्यांनी ‘पॅकेट’ म्हटले. इतर भाषांतही सहज रुळावा म्हणून हा शब्द भाषातज्ज्ञाला विचारून निवडला होता. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी अशीच पद्धत स्वतंत्रपणे सुचवली होती. १९६७ च्या गॅटलिनबर्ग परिषदेतील एनपीएलच्या निबंधाचा आर्पानेट या अमेरिकी संगणकजाळ्याच्या रचनेवर परिणाम झाला [→ इंटरनेट].