शिक्षकांचे तंत्रज्ञान-प्रमाणपत्र आणि वर्गाध्यापन : एमएस-सीआयटी ते निष्ठा (सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव. अशा गावांच्या परिसरातील वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या एक-दोन शिक्षकी शाळा आहेत. तेथील शिक्षकाच्या सेवापुस्तकात गेल्या दोन दशकांत पदवी व पदविका यांच्या जोडीला आणखी एका नोंदीची भर पडली. ती म्हणजे संगणक अर्हतेची नोंद. या नोंदीमुळे शिक्षकाला, शाळेला आणि विद्यार्थ्याला नेमका कोणता लाभ झाला, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : प्रेक्षक शिक्षक

महाराष्ट्रात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आरंभ संगणकाने झालेला नाही. १९८४ मध्ये पुणे येथे 'बालचित्रवाणी' ही राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली व तिचे शालेय कार्यक्रम दूरदर्शनवरून मुलांपर्यंत पोहोचू लागले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र शासनाने 'क्लास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पुरस्कार केला. मात्र या पहिल्या टप्प्यात सर्वसामान्य प्राथमिक शिक्षकाची भूमिका प्रेक्षकाची होती. कार्यक्रम अन्यत्र तयार होत आणि शिक्षक तो मुलांना दाखवीत असे. साधन हाताळण्याचे कौशल्य त्याच्याकडून अपेक्षित नव्हते, त्यामुळे प्रमाणपत्राचाही प्रश्न उद्भवला नाही.

एमएस-सीआयटी : सक्तीतून साक्षरता

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड (एमकेसीएल) ही संस्था स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. अधिकृत अध्ययन केंद्रांच्या जाळ्यामुळे तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावीही संगणकशिक्षण उपलब्ध झाले. शेतकरी कुटुंबातील तरुण, गृहिणी आणि पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी एकाच वर्गात 'माऊस' धरायला शिकू लागले. हे या अभ्यासक्रमाचे सामाजिक वैशिष्ट्य होय.

शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने शिक्षकांवरही ती बंधनकारक झाली. २००७ अखेरच्या मुदतीत प्रमाणपत्र न मिळविणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याचा व दिलेल्या वेतनवाढी वसूल करण्याचा प्रश्न पुढे अनेक वर्षे शिक्षक संघटनांच्या निवेदनांत राहिला. अशा प्रकारे प्रमाणपत्राचा संबंध वर्गाशी जुळण्याआधी वेतनाशी जुळला.

याचे फायदे नाकारता येत नाहीत. टंकलेखन, तक्ते, सादरीकरण आणि आंतरजाल यांची ओळख झाल्याने संगणकाविषयीची भीती गेली. पुढे 'सरल' व 'शालार्थ' यांसारख्या प्रणालींतून विद्यार्थ्यांची व वेतनाची माहिती ऑनलाइन भरण्याची वेळ आली, तेव्हा हीच साक्षरता उपयोगी पडली. तथापि हा लाभ मुख्यतः प्रशासकीय होता. अपूर्णांक किंवा सूर्यमाला शिकविताना संगणक कसा वापरावा, हा या अभ्यासक्रमाचा विषय नव्हता. शिवाय भारनियमनाच्या काळात खेड्यातील अनेक शाळांत संगणक कपाटात किंवा आच्छादनाखालीच राहिला. शिक्षक संगणक-साक्षर झाला, परंतु त्याचे अध्यापन पूर्वीसारखेच चालू राहिले.

तंत्रस्नेही शिक्षक :

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. याच काळात लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहू लागल्या आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला. स्मार्टफोन हाती आल्यामुळे शिक्षक स्वतः चित्रफिती, चाचण्या व अनुप्रयोग तयार करू लागले. प्रेक्षक असलेला शिक्षक या टप्प्यावर निर्माता झाला. ही प्रेरणा बहुतांशी एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे पोहोचली.

या संदर्भात करमाळ्याच्या शेजारील माढा तालुक्यातील परितेवाडीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. २००९ मध्ये तेथील जिल्हा परिषद शाळेत रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांच्यापुढे जनावरांच्या गोठ्यालगतची मोडकळीस आलेली इमारत, मुलींची अल्प उपस्थिती आणि पाठ्यपुस्तकाहून वेगळी, कन्नड, घरची भाषा असलेले विद्यार्थी असा त्रिविध प्रश्न होता. त्यांनी कन्नड शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी व पाठ ध्वनी-चित्ररूपात उपलब्ध करून दिले. २०१७ मध्ये राज्याने अशी पाठ्यपुस्तके सर्व इयत्तांसाठी आणण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लक्ष डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. मायक्रोसॉफ्टचे नवोपक्रमशील शिक्षक म्हणूनही त्यांना मान्यता मिळालेली आहे. येथे आधी वर्गातील अडचण, मग तंत्रज्ञान आणि शेवटी मान्यता असा क्रम दिसतो. एमएस-सीआयटीच्या सक्तीत तो नेमका उलटा होता.

दीक्षा, निष्ठा आणि महामारीची कसोटी :

५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ, तर ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, निष्ठा दीक्षावर ऑनलाइन आला. प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी मुक्काम करण्याची गरज उरली नाही, ही वस्तीवरील, विशेषतः घर सांभाळून नोकरी करणाऱ्या शिक्षिकेच्या दृष्टीने मोठी सोय होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केल्याने या प्रमाणपत्रांचे महत्त्व आणखी वाढले.

परंतु महामारीने एक मर्यादाही उघड केली. शिक्षकाजवळ प्रमाणपत्र होते, पण ऊसतोड मजुराच्या घरी स्मार्टफोन नव्हता. जेथे शिक्षकांनी पारावर, ओसरीवर लहान गट बसवून शिकविले, तेथे शिक्षण चालू राहिले. ते कौशल्य कोणत्याही तंत्रज्ञान-प्रमाणपत्रात नोंदलेले नाही.

युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित केलेल्या शिक्षकांच्या माहिती-तंत्रज्ञान क्षमता आराखड्यात ज्ञानार्जन, ज्ञानाचे दृढीकरण व ज्ञाननिर्मिती असे तीन स्तर मानले आहेत. या मोजपट्टीने पाहता एमएस-सीआयटी पहिल्या स्तराच्या आरंभाशी थांबते, तर परितेवाडीचा प्रयोग तिसऱ्या स्तरावर पोहोचतो. मधला दुसरा स्तर, म्हणजे रोजच्या पाठात तंत्रज्ञानाचा विचारपूर्वक उपयोग, हाच बहुसंख्य शिक्षकांच्या गरजेचा आहे. आपल्या प्रमाणपत्रांत तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सक्तीच्या प्रमाणपत्राने शिक्षकाला साधनाची ओळख करून दिली व हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही. दुसरा, प्रमाणपत्र वेतनवाढीशी जोडले की मुदत पाळली जाते, परंतु तेवढ्याने अध्यापन बदलत नाही. तिसरा, ज्या मान्यतेसाठी शिक्षकाने स्वतःच्या वर्गात केलेले काम दाखवावे लागते, तीच मान्यता विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. यापुढील प्रमाणपत्रांसाठी किती घटक पूर्ण केले याबरोबरच कोणत्या मुलाची कोणती अडचण दूर केली, हेही विचारले जावे. जेऊरच्या परिसरातील एखाद्या वस्तीशाळेत याचे उत्तर देता आले, तर सेवापुस्तकातील ती नोंद सार्थकी लागली असे म्हणता येईल.